गोंगाटाची वजाबाकी

घूंऽऽऽऽ! शाळेच्या गॅदरिंगला हा आवाज ऐकला नाही असा मुलगा किंवा मुलगी शोधून सापडायची नाही. पाहुणे येऊन बसलेत, दीपप्रज्वलन झालंय, स्वागतगीताच्या मुली रांगेत उभ्या आहेत, पेटीवाल्या सरांनी सूर दिलाय. आणि त्या सुराच्याही आधी सभागृहात दुसराच एक सूर भरून राहिलाय. मागून कुणीतरी ओरडतं, "अहो, आवाज कमी करा!" आवाज कमी केला की घूं कमी होतं, पण मुलींचं गाणंही त्याच्याबरोबर खाली जातं. मग माईकवाला दादा एकेक पिन उपसतो, तिच्यावर फुंकर मारतो आणि पुन्हा खुपसतो. फुंकरीनं काय साधतं कुणास ठाऊक, पण सगळे माईकवाले ती मारतात खरी!

साउंडवाले या आवाजाला 'हमिंग' म्हणतात. दोस्तांनो, हे हमिंग येतं कुठून? माईकमध्ये तर कुणी घूं म्हणत नाही. मग?

तुमच्यापैकी जे पेटी शिकतात त्यांनी एक गंमत करून बघावी. पुढच्या वेळी हमिंग ऐकू आलं की ते कुठल्या पट्टीत आहे ते ओळखायचा प्रयत्न करा. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. म्हणून हमिंगमध्ये ५०, १००, १५० अशा ५०च्या पटीतल्या कंपनांचे सूर मिसळलेले असतात. सेकंदाला १०० कंपनांचा सूर म्हणजे खर्जातली पांढरी पाच, पण किंचित चढी! अमेरिकेत वीज ६० हेलकावे खाते. त्यामुळे तिकडचं हमिंग जरा वरच्या पट्टीत, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कुठंतरी लागतं. म्हणजे नुसत्या हमिंगवरून रेकॉर्डिंग मुंबईचं की न्यूयॉर्कचं हे एखादा तयार कानाचा माणूस सांगू शकेल. आणि गुन्हेगार कोण तेही कळलं. आपली भिंतीतली वीजच नकळत गाण्यात घुसलेली असते.

ती घुसते कशी हे समजायला आधी माईकची ताकद किती ते बघू. गाणाऱ्याच्या साध्या, कॉइलच्या माईकमधून निघणारा विजेचा दाब साधारण २ मिलिव्होल्ट असतो. म्हणजे एका व्होल्टचे हजार भाग करा आणि त्यातले दोन घ्या. आणि भिंतीतल्या विजेचा दाब किती? २३० व्होल्ट. माईकच्या लाखपटीहूनही जास्त! हत्तीच्या कळपाशेजारून मुंगीनं एखादा निरोप घेऊन जावं, तशी ती बिचारी माईकची तार विजेच्या वायरींच्या शेजारून स्टेजपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जात असते. अ‍ॅम्प्लिफायरचं काम तारेतून येईल ते मोठं करणं. त्यातलं गाणं कुठलं आणि विजेची लुडबूड कुठली, हे त्याला कळत नाही. तो दोन्ही हजारपट करून मोकळा होतो.

जाळीचं चिलखत

आता कुणीतरी हुशार हात वर करेल आणि म्हणेल, "तारेला चिलखत घालावं!" बरोबर. तसं चिलखत असतंच. माईकची वायर कापून पाहिली तर आत मधली तार, तिच्यावर प्लॅस्टिक, आणि त्यावर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी दिसेल. विजेचा शेजारून पडणारा प्रभाव दोन प्रकारचा असतो. एक विद्युत क्षेत्राचा आणि दुसरा चुंबकीय क्षेत्राचा. पहिल्याला ही जाळी छान अडवते. दुसऱ्याला मात्र नाही. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या किंवा विजेच्या जाड वायरीच्या भोवतालचं सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या पातळ जाळीतून आरपार जातं. जणू जाळी तिथं नाहीच! आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र तारेत वीज निर्माण करतं, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ सालीच दाखवून ठेवलंय.

त्यात साध्या वायरीत आणखी एक घोळ आहे. विजेला जायला एक वाट लागते, तशी परतायलाही लागते. साध्या वायरीत मधल्या तारेतून वीज जाते आणि जाळीतून परत येते. म्हणजे जाळी दोन नोकऱ्या करते. बाहेरची घाण अंगावर घ्यायची ही एक, आणि गाण्याची परतीची वाट व्हायचं ही दुसरी. आता एकाच फडक्यानं फरशी पुसायची आणि ताटही पुसायचं म्हटलं तर काय होईल? तेच होतं. जाळीत शिरलेला गोंगाट गाण्यात मिसळतो. अशा जोडणीला 'अनबॅलन्स्ड' म्हणतात. गिटारची वायर, डीव्हीडी प्लेअरच्या मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना, हे सगळे अनबॅलन्स्ड. ते काही टाकाऊ नाहीत. दोन-तीन मीटरच्या वायरीला ते पुरतात. सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वायर न्यायची झाली की मात्र त्यांचं पितळ उघडं पडतं.

टेलिफोनवाल्यांची डोकेदुखी

या दुखण्यावरचा उपाय गाण्याबजावण्यातून आलेला नाही. तो आला टेलिफोनमधून. जर्मनीत १८३८ साली कार्ल श्टाइनहाइल यांना आढळलं की तारायंत्राला परतीची तार लागतच नाही, दोन्ही टोकं जमिनीत पुरली की जमीनच परतीचं काम करते. निम्मी तार वाचली! सगळे खूश. पुढे १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं आणि टेलिफोनवाल्यांनीही हीच काटकसर केली. एक तार खांबावरून, परतीची वाट जमिनीतून.

तारायंत्राची गोष्ट वेगळी होती. तिथं नुसतं कट्ट-कडकट्ट. थोडी खरखर असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. पण टेलिफोन म्हणजे माणसाचा नाजूक आवाज. शेजारच्या तारायंत्राची कटकट त्यात ऐकू यायची, भलत्याच माणसांच्या गप्पा ऐकू यायच्या. त्यात भर म्हणून १८८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विजेच्या ट्राम धावू लागल्या. ट्रामची वीज वरच्या तारेतून यायची आणि रुळांतून, जमिनीतून परत जायची. टेलिफोनची परतीची वाटही तीच! ट्राम निघाली की फोनमध्ये नुसता कल्लोळ. (मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झालं आणि विजेची ट्राम १९०७ साली धावली. तोवर जगाला यावरचं औषध सापडलेलं होतं.)

औषध काय? जमिनीवरचा भरवसा सोडायचा आणि वाचवलेली दुसरी तार पुन्हा घालायची. आणि ती कशीही नाही, तर पहिलीच्या गळ्यात गळा घालून. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायची कल्पना बेल यांनी १८८१ साली पेटंट केली. खांबांवरून जाणाऱ्या उघड्या तारांना पीळ देता येत नाही, म्हणून तिथं ठरावीक खांबांनंतर दोन तारा आपापसांत जागा बदलायच्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. पुढे हीच युक्ती रेडिओ केंद्रांत आली, स्टुडिओत आली आणि तिचं नाव पडलं 'बॅलन्स्ड लाइन'. आपण म्हणू, समतोल जोडणी.

पण दोन तारा घातल्या म्हणून गोंगाट जातो कसा? तो तर दोन्हींत शिरेल की! अगदी बरोबर. शिरतोच. आणि खरी मजा तिथंच आहे.

वर्गात खेळायचा खेळ

हा खेळ मधल्या सुट्टीत खेळून बघा. एक मुलगा 'माईक' बनेल, एक मुलगी 'अ‍ॅम्प्लिफायर'. माईकला ८ हा आकडा वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचाय. मधल्या बाकांवर बसलेले सगळे गोंगाट. ते चिठ्ठीतल्या आकड्यात मनाला येईल तेवढी भर घालणार.

पहिल्यांदा एकाच निरोप्याला ८ लिहिलेली चिठ्ठी देऊन पाठवा. गोंगाटवाल्यांनी त्यात ७ मिळवले. पोचले १५. यातले खरे किती आणि खोटे किती, अ‍ॅम्प्लिफायरला कळणं शक्य नाही. ही झाली अनबॅलन्स्ड वायर.

आता दोन निरोपे पाठवा. सुमनच्या चिठ्ठीवर +४, सलीमच्या चिठ्ठीवर –४. दोघांनी हातात हात घालून, एकाच वाटेनं जायचं. गोंगाटवाल्यांना अट एकच, दोघांना सारखीच भर घालायची. समजा ७ घातली. सुमनचे झाले ११, सलीमचे झाले ३. आता अ‍ॅम्प्लिफायरनं सुमनच्या आकड्यातून सलीमचा आकडा वजा करायचा. ११ वजा ३, किती? ८! निरोप जसाच्या तसा पोचला. गोंगाटानं ७ ऐवजी ७०० मिळवले असते तरी उत्तर ८ च आलं असतं. करून बघा!

पाहिलंत? गोंगाटाला कुणी अडवलं नाही, गाळलं नाही, त्याच्याशी भांडलं नाही. त्याला दोन्ही तारांत खुशाल येऊ दिलं आणि शेवटी वजाबाकी केली. दोन्हींत जे सारखं ते गेलं, जे वेगळं ते राहिलं. खऱ्या यंत्रात ही वजाबाकी एक छोटा ट्रान्सफॉर्मर तरी करतो किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किट. ती अगदी शंभर टक्के होत नाही, पण चांगल्या यंत्रात दोन्ही तारांमधला सारखा गोंगाट हजारपटीनं तरी दबतो. जाळी असतेच, पण तिला आता एकच नोकरी. बाहेरची घाण अंगावर घ्यायची आणि जमिनीकडे पाठवायची. गाण्याशी तिचा संबंध नाही.

हातात हात घालून का जायचं ते आता सांगतो. समजा गोंगाटवाले सगळे डाव्या बाजूला बसलेत. डावीकडच्या सुमनला ते ५ देतात, लांबच्या सलीमला ३ च. मग आकडे होतील ९ आणि –१, वजाबाकी १०. चुकलं! पण वर्गाच्या निम्म्यात दोघांनी जागा बदलल्या तर? उरलेल्या निम्म्यात सलीमला ५ आणि सुमनला ३. बेरीज दोघांची ८-८. सुमन १२, सलीम ४. वजाबाकी पुन्हा ८. तारांना पीळ देतात तो यासाठी.

आणि आता जरा डोकं खाजवायला लावणारा प्रश्न. सुमनला +४ आणि सलीमला –४ द्यायची खरंच गरज आहे का? सुमनला सगळे ८ द्या आणि सलीमला कोरी चिठ्ठी, म्हणजे ०. दोघांत ७ मिळवा. १५ आणि ७. वजाबाकी ८! चाललं की! पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं की बॅलन्स्ड म्हणजे एका तारेत सुलटा सिग्नल आणि दुसरीत उलटा. ते पाठ करणाऱ्यांना ही गोष्ट सांगा. उलटा-सुलटा सिग्नल बऱ्याचदा असतो, त्याचे फायदेही आहेत, पण समतोल म्हणतात तो त्याचा नव्हे. समतोल हवा तो दोन तारांच्या परिस्थितीचा. दोघींच्या वाटेत विजेला होणारा अडथळा, इंजिनिअर ज्याला इंपिडन्स म्हणतात तो, सारखा पाहिजे. तो सारखा असला तरच गोंगाट दोघींना सारखा चिकटतो, आणि सारखा चिकटला तरच वजाबाकीत जातो. एखाद्या पिनेला सोल्डरिंगचा डाग कच्चा बसला, एका तारेचा अडथळा वाढला, की तराजू कलला आणि हमिंग परत आलं! म्हणून नुसती महागडी वायर आणून भागत नाही, डागही नीट लागतो.

तारेतलं भूत

या वजाबाकीचा एक भारी उपयोग माईकवाल्यांनी करून घेतलाय. स्टुडिओतल्या कंडेन्सर माईकला चालायला बाहेरून वीज लागते. तिच्यासाठी वेगळी वायर न्यायची तर पसारा वाढतो. मग काय केलं? गाण्याच्याच दोन तारांवर, दोन्हींवर सारखा, ४८ व्होल्टचा दाब द्यायचा. दोन्हींवर सारखा म्हणजे? वजाबाकी शून्य! माईकला वीज मिळते आणि गाण्यात तिचा मागमूस नसतो. असून नसल्यासारखी, म्हणून तिचं नाव 'फँटम पॉवर', म्हणजे भुताची वीज. १९६६ साली जर्मनीच्या नॉयमान कंपनीनं नॉर्वेच्या नभोवाणीसाठी असे माईक बनवले. नॉर्वेत हिवाळ्यात दिवसाही अंधार, म्हणून तिथल्या स्टुडिओत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती. तीच माईकला जोडली आणि ४८ हा आकडा जगभर कायम झाला. मिक्सरवर '+४८' असं लिहिलेलं बटण दिसलं तर ते हेच भूत. मात्र माईकवाल्या दादाला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही हं!

गिटारमध्येही हीच वजाबाकी दडलेली आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालचं कॉइल हमिंग पकडण्यात पटाईत. १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी एका कॉइलऐवजी दोन जोडली, अशी, की तारांचा सूर दोन्हींत मिळून वाढेल आणि हमिंग एकमेकांतून वजा होईल. नाव काय ठेवलं? 'हमबकर', म्हणजे हमिंगला टक्कर देणारा.

तुमच्या शाळेची वायर बघा

आता शाळेत जाऊन एक पाहणी करा. (वायर कशालाही जोडलेली नसताना, आणि सरांना विचारून!) माईकच्या टोकाला बहुतेक गोल, तीन पिनांचा कनेक्टर असेल. साउंडवाले त्याला 'कॅनन' म्हणतात, कारण लॉस एंजेलिसच्या कॅनन कंपनीनं तो आणला. खरं नाव एक्सएलआर. एक नंबरची पिन जाळीची, दोन आणि तीन नंबरच्या पिना दोन तारांच्या. म्हणजे माईक समतोल आहे.

आता वायरीचं दुसरं टोक बघा. तिथंही तीन पिना असतील तर शाब्बास. पण पुष्कळ शाळांत, मंडळांत तिथं असते बोटाएवढी जाड जॅक पिन, जिला बाजारात पी-३८ म्हणतात. तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. एकच रेघ असेल तर तिला दोनच भाग आहेत, टोक आणि बुंधा. मग तिसऱ्या तारेचं काय केलं? जाळीशी जोडून टाकली! माईकपासून निघालेला समतोल निरोप अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी लंगडा झाला. सुमन-सलीम दोघं निघाले, पण दारात सलीमला पहारेकऱ्यात बसवून ठेवलं. वजाबाकी करणार कुणातून? गॅदरिंगच्या घूंचं एक मोठं कारण एवढंसंच असतं, आणि ते घालवायला वायर आणि अ‍ॅम्प्लिफायरचं बटण बदलण्यापेक्षा त्या दोन टोकांकडे बघणं स्वस्त. अ‍ॅम्प्लिफायरला किंवा मिक्सरला तीन पिनांचं भोक असेल तर दोन्ही टोकांना कॅनन असलेली वायर मागा.

दोन रेघा असतील तर पिनेला तीन भाग. पण तीन भाग दिसले म्हणजे बॅलन्स्डच, असं मात्र समजू नका. तुमच्या हेडफोनच्या पिनेलाही तीन भाग असतात, ते डावा कान, उजवा कान आणि दोघांची सामायिक परतीची तार. पिना जुळ्या बहिणींसारख्या आहेत, पण कामं वेगळी. जाता जाता सांगतो, ही जॅक पिनसुद्धा टेलिफोन एक्स्चेंजमधूनच आलेली आहे. जुन्या चित्रपटांत एक बाई समोरच्या फळीत भराभर पिना खोचताना दिसतात ना? त्याच त्या.

एक धोक्याची गोष्ट

हमिंगचं आणखी एक कारण आहे आणि त्यावर आपल्याकडे जो उपाय करतात तो जीवघेणा आहे. म्हणून हे नीट वाचा.

समजा मिक्सर स्टेजजवळच्या सॉकेटवर आहे आणि अ‍ॅम्प्लिफायर सभागृहाच्या मागच्या सॉकेटवर. दोन्हींना अर्थिंग आहे. पण दोन ठिकाणच्या अर्थिंगच्या दाबात थोडासा फरक असतो. मधली वायर अनबॅलन्स्ड असेल तर तिची जाळी या दोन अर्थिंगांना जोडते, एक मोठं वर्तुळ तयार होतं आणि त्यातून वीज फिरू लागते. ही फिरती वीज जाळीतून, म्हणजे गाण्याच्याच परतीच्या वाटेवरून जाते. घूंऽऽऽ!

मग कुणीतरी शहाणा येतो आणि एका यंत्राच्या प्लगची वरची जाड पिन तोडतो, किंवा ती चिकटपट्टीनं बंद करतो. अर्थिंग तुटलं, वर्तुळ तुटलं, हमिंग गेलं. टाळ्या! पण ती जाड पिन तिथं होती कशासाठी? यंत्राच्या आत एखादी विजेची तार सुटून त्याच्या पत्र्याला टेकली, तर वीज माणसातून न जाता अर्थिंगमधून जमिनीत जावी आणि फ्यूज उडावा, यासाठी. ती इतर दोन पिनांपेक्षा लांब असते ती उगाच नव्हे. प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जाते, काढताना सर्वांत शेवटी सुटते. ती तोडली की यंत्र चालतं, गाणं चालतं, सगळं छान दिसतं. आणि एक दिवस तार सुटते. गिटारच्या लोखंडी तारा एका यंत्राला जोडलेल्या आणि ओठांजवळचा माईक दुसऱ्या यंत्राला. मधे माणूस.

३ मे १९७२ रोजी इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, स्वान्सी शहरात, 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी कार्यक्रमाच्या वेळी माईकला हात लावताच शॉक लागून गेला. माईकला अर्थिंग नव्हतं. असे अपघात आजही होतात, आणि आपल्याकडे तर पावसाळ्यात ओल्या मांडवात विजेची कामं चाललेली असतात. तेव्हा कुणी वरची पिन तोडताना दिसलं तर गप्प बसू नका, मोठ्या माणसाला बोलवा. माईकला हात किंवा ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर "चालायचंच" म्हणून गात राहू नका. बाजूला व्हा, मेन स्विच बंद करायला सांगा. गाण्याचं काय, ते पुन्हा म्हणता येतं.

वर्तुळ तोडायच्या सरळ वाटा आहेत. सगळी यंत्रं एकाच ठिकाणच्या सॉकेटवरून चालवायची. मधली वायर बॅलन्स्ड घ्यायची. तेही जमत नसेल तर साउंडवाल्यांकडे एक छोटी डबी असते, तिच्यात ट्रान्सफॉर्मर असतो. एक कॉइल मिक्सरच्या बाजूला, दुसरं अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला, दोघांत तारेचा संबंध नाही. गाणं चुंबकीय क्षेत्रातून उडी मारून पलीकडे जातं. फिरत्या विजेची वाट तिथंच तुटते, आणि अर्थिंग शाबूत राहतं.

घरच्या घरी रेकॉर्डिंग

हल्ली पुष्कळ मुलं घरीच गाणी, पोवाडे, गोष्टी रेकॉर्ड करतात. माईक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये 'ऑडिओ इंटरफेस' नावाची छोटी पेटी असते. लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमधून बारीक गुणगुण, चिरचिर येते? मग चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. आवाज थांबला तर समजा, मघाचंच वर्तुळ इथंही आहे. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंतची वायर दोन रेघांच्या, तीन भागांच्या जॅकची घेतली, आणि स्पीकरलाही तशी सोय असली, तर बहुतेक वेळा चार्जर लावूनही शांतता राहते. माईकची वायर विजेच्या वायरीला खेटून, तिच्या बरोबरीनं नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. आणि जुना मोबाइल माईकपासून दूर ठेवा. टू-जी फोन बोलताना सेकंदाला २१७ वेळा झटके देत लहरी सोडतो, ते 'टिर्र-टिटिर्र' ऐकलंय ना?

बॅलन्स्ड वायरीनं सगळे आवाज जातात असं मात्र नाही. शांत रेकॉर्डिंगमागे जी 'स्सऽऽ' अशी सळसळ असते, ती बाहेरून आलेली नसते. यंत्राच्या आतल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेच्या हालचालीतूनच ती जन्मते. १९२८ साली जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोघांनी तिचा हिशेब मांडला. तिच्यावर वजाबाकी चालत नाही, आणि खोलीतल्या पंख्याच्या आवाजावरही चालत नाही, कारण तो गाण्याबरोबर माईकमध्येच शिरलेला असतो. तिथं उपाय सर्वांत जुना, माईकच्या जवळ या. तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माईकला जवळजवळ दुप्पट दाबानं पोचतो. पंखा आहे तिथंच राहतो.

इंटरनेटची एखादी जुनी, टाकून दिलेली वायर घरात किंवा केबलवाल्याकडे मिळाली तर तिचं वरचं निळं किंवा राखाडी साल सोलून बघा. आत आठ तारा, त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला दिसेल. सुमन आणि सलीम इथंही आहेत, फक्त आकडे सेकंदाला कोट्यवधी. प्रत्येक जोडीचे एका वीतभर लांबीतले पीळ मोजा. ते सारखे नाहीत! चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम वेगवेगळा ठेवलेला असतो, कारण शेजारच्या दोन जोड्या एकाच तालात वळल्या तर एकीचं बोलणं दुसरीला ऐकू जाईल.